जाक बाल्मा

जाक बाल्मा (जन्म: १७६२, शामोनी खोरे, मृत्यू: सप्टेंबर १८३४, सिक्स्त खोरे) हा आल्प्स पर्वतातील साव्हॉय प्रांतातला स्फटिकशोधक, शिकारी आणि वाटाड्या होता. ८ ऑगस्ट १७८६ रोजी शामोनी गावाचा डॉक्टर मिशेल-गाब्रियेल पाकार याच्यासह तो माँ ब्लाँ या शिखरावर पोहोचला. सुमारे ४,८०८ मीटर उंचीचे हे शिखर आल्प्समधील सर्वोच्च असून त्यावर माणसाचे पाऊल पडल्याची ही पहिली नोंद आहे. आधुनिक गिर्यारोहणाचा प्रारंभ अनेक इतिहासकार याच दिवसापासून मानतात. पुढे सुमारे शंभर वर्षे या चढाईचे जवळजवळ संपूर्ण श्रेय एकट्या बाल्माला मिळत राहिले. विसाव्या शतकात जुन्या नोंदी उजेडात आल्यावर ते चित्र पालटले.

खोरे आणि पाहुणे

शामोनी हे आर्व्ह नदीच्या वरच्या खोऱ्यातील गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३५ मीटर उंचीवर आहे. बाल्माच्या जन्माच्या वेळी हा भाग सार्दिनियाच्या राज्यात मोडत असे व त्याचा कारभार तुरिनहून चाले. १७९२ मध्ये तो फ्रान्सने घेतला, १८१५ नंतर पुन्हा सार्दिनियाकडे गेला आणि १८६० मध्ये कायमचा फ्रान्समध्ये आला. लांबलचक हिवाळा, थोडी शेती व गुरे यांवर जगणाऱ्या या खोऱ्यातील पुरुष हंगामी कामासाठी दूर देशी जात. गावाच्या माथ्यावरच्या हिमनद्या कित्येकदा शेतांपर्यंत उतरत, त्यामुळे उंच बर्फाकडे लोक ओढीपेक्षा धास्तीनेच पाहत.

१७४१ मध्ये विल्यम विंडम आणि रिचर्ड पोकॉक हे दोन इंग्रज प्रवासी जिनिव्हाहून येथे आले. गावातील माणसांना वाट दाखवायला घेऊन ते मोंतांव्हेर या सुमारे १,९०० मीटर उंचीच्या ठिकाणी चढले आणि खालची हिमनदी पाहून परतले. त्यांच्या वर्णनामुळे ही हिमनदी युरोपभर प्रसिद्ध झाली. मेर द ग्लास, म्हणजे बर्फाचा समुद्र, हे तिचे नाव त्यातूनच रूढ झाले. त्यानंतर दर उन्हाळ्यात पाहुणे येऊ लागले. सकाळी गावातून निघायचे, मोंतांव्हेरला पोहोचायचे, वाटाड्याचा हात धरून बर्फावर चार पावले टाकायची आणि संध्याकाळपर्यंत मुक्कामी परतायचे, असा हा एका दिवसाचा प्रवास असे. वाटाड्याला त्या दिवसाची मजुरी मिळे. शामोनीच्या वाटाड्यांची चूल पेटत असे ती प्रामुख्याने या दिवसभराच्या फेऱ्यांवर. शिखरांचा त्यात काही संबंध नव्हता. माँ ब्लाँकडे लोक बोट दाखवत, पण तेथे जायचे कोणाच्या मनात नसे.

हे चित्र बदलले ते ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या जिनिव्हाच्या तरुण निसर्गवैज्ञानिकामुळे. १७६० मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी तो प्रथम शामोनीला आला आणि माँ ब्लाँच्या माथ्यापर्यंतचा मार्ग शोधून देणाऱ्यास त्याने बक्षीस जाहीर केले. प्रयत्न फसला तरी वाया गेलेल्या दिवसांची मजुरी देण्याची तयारीही त्याने दाखवली. तरीही पंधरा वर्षे कोणी फारसे मनावर घेतले नाही. १७७५ मध्ये गावातील चौघांनी पहिला गंभीर प्रयत्न केला. १७८३ ते १७८५ या काळात आणखी काही मोहिमा झाल्या व त्यांतील एकीत स्वतः सोस्यूरही होता. उष्णता, पातळ हवा, भुसभुशीत बर्फ आणि अंधार पडण्यापूर्वी परतण्याची घाई यांपुढे सर्वांनी हात टेकले. हिमनदीवर रात्र काढली तर माणूस जिवंत राहत नाही, ही समजूत या सर्व अपयशांच्या मुळाशी होती. माथ्यापर्यंत जाऊन त्याच दिवशी परतणे अशक्य आणि वर मुक्काम करणे म्हणजे मरण, असा तो पेच होता.

पूर्वजीवन

बाल्मा कुटुंब शामोनीजवळच्या ले पेल्राँ या वाडीत राहत असे. ही वाडी बोसाँ हिमनदीच्या अगदी जवळ असल्यामुळे जाकचे बालपण बर्फाच्या सान्निध्यात गेले. शेतीला जोड म्हणून तो शाम्वा या डोंगरी हरणासारख्या प्राण्याची शिकार करी आणि कड्यांच्या कपारींतून स्फटिक शोधून विकत असे. स्फटिकशोधकाचा धंदा मोठा जोखमीचा होता. चांगला साठा सापडला तर वर्षाची ददात मिटे, नाही तर दिवसचे दिवस रिकाम्या हाताने परतावे लागे. असा माणूस साहजिकच एकट्याने हिंडतो आणि आपल्या वाटा कोणाला सांगत नाही. बाल्माच्या स्वभावातील गुप्तता, धाडस आणि पैशाची ओढ यांचे मूळ बहुधा याच धंद्यात असावे. प्रस्थापित वाटाड्यांमध्ये त्याची गणना होत नव्हती आणि त्यांच्यात तो फारसा प्रियही नव्हता.

जून १७८६ मधील रात्र

जून १७८६ मध्ये शामोनीच्या वाटाड्यांनी माँ ब्लाँकडे जाणाऱ्या दोन मार्गांची तुलना करण्यासाठी दोन गट पाठवले. एक गट पश्चिमेकडील गूते शिखराच्या बाजूने चढला. दुसरा बोसाँ आणि ताकोना या हिमनद्यांच्या मधून वर जाणाऱ्या मोंतान्य द ला कोत या सोंडेवरून गेला. दोन्ही गट दोम द्यू गूते या हिमाच्छादित घुमटापाशी भेटले. कोत मार्गाचा गट आधी पोहोचला होता, त्यामुळे कोणता मार्ग जवळचा हे ठरून गेले. बाल्माला कोणी बोलावले नव्हते. तो आपण होऊन या गटाच्या मागे लागला होता.

घुमटापासून माथ्याकडे जाणारी बर्फाची धार फारच अरुंद दिसल्याने सर्वजण मागे फिरले. बाल्मा मात्र आसपासची पाहणी करीत एकटाच मागे राहिला. परतीच्या वाटेवर अंधार पडला आणि त्याला बर्फावरच रात्र काढावी लागली. सकाळी तो आपल्या पायांनी खाली उतरला.

चढाईच्या दृष्टीने ही रात्र ऑगस्टमधील विजयापेक्षा कमी महत्त्वाची नाही. उघड्या हिमनदीवर रात्र काढूनही माणूस जगतो, हे बाल्माने ठरवून नसले तरी सिद्ध केले, आणि इतके दिवस दोन्हीकडून आवळत असलेला पेच एका बाजूने सुटला. या काळातच वरच्या हिमपठारावरून माथ्याकडे जाण्याजोगी एक चढण आपल्याला दिसली, असे त्याने पुढे सांगितले. ती गोष्ट त्याने आपल्या सोबत्यांपासून लपवून ठेवली.

डॉक्टर पाकार

मिशेल-गाब्रियेल पाकार (१७५७–१८२७) हा शामोनीच्या नोटरीचा मुलगा. तुरिन येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन तो गावी परतला होता. त्याला वनस्पतिशास्त्राची आणि हवामानाच्या नोंदींची आवड होती. माँ ब्लाँच्या माथ्यावर वायुभारमापक नेऊन त्याची उंची मोजावी ही त्याची महत्त्वाकांक्षा होती. काही वर्षे तो दुर्बिणीतून डोंगराचा उत्तरेकडील उतार न्याहाळत होता आणि १७८३ नंतर त्याने स्वतःही काही प्रयत्न केले होते. त्यामुळे मार्ग एकट्या बाल्माने शोधला आणि डॉक्टर त्याच्यामागून गेला, हे पुढे रूढ झालेले कथन पाकारच्या या अभ्यासाकडे डोळेझाक करणारे आहे.

दोघे एकत्र कसे आले याबद्दल वेगवेगळी कथने आहेत. बाल्माला सोबत व साक्षीदार हवा होता आणि डॉक्टरच्या शब्दाला गावाबाहेर किंमत होती. पाकारला उपकरणे व सामान वाहून नेणारा आणि बर्फाला न घाबरणारा माणूस हवा होता. बाल्मा या चढाईत मजुरीवर घेतलेला वाटाड्या होता की बरोबरीचा सहकारी, हे नेमके ठरवणे कठीण आहे. नंतरच्या सगळ्या वादाचे मूळ या संदिग्धतेतच आहे. सोस्यूरचे बक्षीस बाल्माने घ्यावे, आपल्याला त्यातील काही नको, अशी डॉक्टरची भूमिका होती.

८ ऑगस्ट १७८६

७ ऑगस्ट रोजी दोघे गावातून निघाले आणि मोंतान्य द ला कोत या सोंडेच्या माथ्यावर, हिमनदीच्या काठाशी, त्यांनी रात्र काढली. पाकार त्या वेळी २९ वर्षांचा होता आणि बाल्मा २४ वर्षांचा. त्यांच्याजवळ दोर नव्हता, शिड्या नव्हत्या, बर्फ तोडण्याची कुऱ्हाडही नव्हती. टोकाला लोखंडी अणी बसवलेल्या लांब काठ्या, थोडे अन्न आणि डॉक्टरची उपकरणे एवढेच सामान होते. घरी बाल्माची तान्ही मुलगी आजारी होती.

८ तारखेला पहाटे चारच्या सुमारास ते हिमनदीवर उतरले. भेगांनी चिरफाळलेला हा भाग ओलांडण्यासच त्यांना फार वेळ लागला. भेगांवरचे बर्फाचे पूल ठिसूळ होते, म्हणून काही ठिकाणी त्यांनी काठ्या आडव्या टाकून त्यांवरून सरपटत पलीकडचा काठ गाठला. एक माणूस खाली गेला असता तर दुसऱ्याला त्याला वर काढण्याचे कोणतेही साधन नव्हते. पुढे ग्रां म्यूले हे बर्फातून वर आलेले खडक लागले आणि त्यानंतर एकावर एक अशी दोन हिमपठारे. दुपारनंतर ते वरच्या म्हणजे ग्रां प्लातो या पठारावर पोहोचले. येथे बर्फात पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. पुढे जाऊन पावले पाडण्याचे काम दोघे आळीपाळीने करीत होते. बाल्माचा धीर सुटू लागला तेव्हा पाकारने त्याच्या ओझ्याचा काही भाग स्वतःकडे घेतला.

ग्रां प्लातोवरून ते रोशे रूज नावाच्या तांबूस खडकांच्या बाजूने तीव्र उतारावर चढले. हा पट्टा हिमलोटांचा आहे व नंतरच्या काळात तो अनेकांना भोवला. माथ्याजवळ वारा बोचरा होता आणि पातळ हवेमुळे थोड्याथोड्या पावलांवर थांबावे लागत होते. संध्याकाळी ६ वाजून २३ मिनिटांनी दोघे माथ्यावर पोहोचले.

ही वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण खाली शामोनीमध्ये आडोल्फ ट्राउगोट फॉन गेर्सडोर्फ हा जर्मन सरदार दुर्बीण लावून बसला होता. वर चढणारे दोन ठिपके तो टिपत होता आणि त्यांची वाट कागदावर रेखाटत होता. दोघेही ३४ मिनिटे वर थांबले. पाकारने वायुभार आणि तापमान यांच्या नोंदी घेतल्या. ६ वाजून ५७ मिनिटांनी ते परत निघाले. सूर्यास्तानंतर चांदण्याच्या उजेडात त्यांनी सकाळच्या पावलांवरून वाट काढली आणि मध्यरात्रीच्या सुमारास कोतच्या सोंडेवर पोहोचून खडकांच्या आडोशाला अंग टाकले. डॉक्टरच्या हाताला हिमदंश झाला होता. बर्फावरच्या प्रखर उजेडाने त्याचे डोळे इतके सुजले होते की दुसऱ्या दिवशी बाल्माच्या आधाराने त्याला खाली उतरावे लागले. बाल्मा घरी पोहोचला तेव्हा त्याची मुलगी दगावली होती.

श्रेयाचा वाद

बाल्मा लवकरच जिनिव्हाला जाऊन सोस्यूरला भेटला आणि बक्षीस घेऊन आला. सार्दिनियाचा राजा तिसरा व्हिक्टर आमादेउस याने त्याला रोख इनाम दिले आणि आपल्या आडनावाला माँ ब्लाँ हे नाव जोडण्याची मुभा दिली. तेव्हापासून तो बाल्मा-माँ ब्लाँ म्हणून ओळखला जाऊ लागला.

या वादाला तोंड फोडले ते मार्क-तेओदोर बुरी याने. बुरी हा जिनिव्हाच्या कॅथेड्रलमधील गायक, चित्रकार आणि आल्प्सवरील लोकप्रिय लेखक होता. माँ ब्लाँवर चढण्याचे त्याचे प्रयत्न सतत फसले होते आणि पुढेही तो कधीच वर पोहोचला नाही. एका खेड्यातील डॉक्टरने आपल्या आधी हे साधावे, आणि वर त्याच विषयावर पुस्तक लिहावे, हे त्याला सहन झाले नसावे. सप्टेंबर १७८६ मध्ये त्याने एक पत्र छापून प्रसिद्ध केले. त्यात बाल्मा हा खरा वीर आणि पाकार हा दमलेला, ओढून न्यावा लागलेला सोबती अशी मांडणी होती. मजुरी करणाऱ्या साध्या वाटाड्याची बाजू घेतल्यासारखे दिसत असल्याने ही कथा वाचकांना भावली.

पाकारने प्रतिवाद केला. ऑक्टोबर १७८६ मध्ये त्याने बाल्माकडून साक्षीदारांसमक्ष एक निवेदन सही करून घेतले. डॉक्टरने आपल्याला धीर दिला, ओझे वाटून घेतले आणि माथ्यावर दोघे जवळजवळ एकाच वेळी पोहोचलो, असा त्याचा आशय होता. हे निवेदन लोझानच्या वृत्तपत्रात छापून आले. आपण कोऱ्या कागदावर सही केली होती, असे बाल्माने नंतर सांगितले. साक्षीदारांच्या सह्या पाहता त्याचे हे म्हणणे फारसे टिकत नाही.

पाकारने आपल्या चढाईच्या पुस्तकासाठी आगाऊ वर्गणीची जाहिरात काढली होती, पण पुस्तक कधीच निघाले नाही. बुरीचे पत्र मात्र युरोपभर वाचले गेले. पाकारने या विषयावर पुढे फारसे लिहिले नाही. तो गावात वैद्यकी करीत राहिला.

सोस्यूरची मोहीम

५ जुलै १७८७ रोजी बाल्मा जाँ-मिशेल काशा आणि अलेक्सी तुर्निए या दोन वाटाड्यांसह पुन्हा माथ्यावर गेला. सोस्यूरसाठी मार्ग अनुकूल आहे का हे पाहणे हा त्याचा हेतू होता. त्यानंतर १ ऑगस्ट रोजी सोस्यूर १८ वाटाडे आणि आपला नोकर यांच्यासह निघाला. बाल्मा त्यांचा म्होरक्या होता. तंबू, शिड्या, दोर, अन्न आणि वैज्ञानिक उपकरणे यांची ओझी वाटाड्यांच्या पाठीवर होती. दोन मुक्काम करून ३ ऑगस्टला सकाळी सर्वजण माथ्यावर पोहोचले. शामोनीमध्ये सोस्यूरची पत्नी दुर्बिणीतून पाहत होती. सोस्यूरने वर सुमारे साडेचार तास काढले. त्याने वायुभार, आर्द्रता आणि आकाशाच्या निळेपणाची छटाही मोजली. त्याच वेळी खाली शामोनी आणि जिनिव्हा येथेही वायुभाराच्या नोंदी घेतल्या जात होत्या.

वाटाड्याच्या धंद्याच्या दृष्टीने खरा आरंभ या दुसऱ्या चढाईपासून होतो. पहिल्या चढाईत दोन गाववाले आपापल्या हेतूने गेले होते. येथे मात्र पाहुणा, त्याने मोबदला देऊन घेतलेली माणसे, त्यांचा म्होरक्या आणि ठरलेला मार्ग अशी पूर्ण व्यवस्था प्रथमच उभी राहिली. सोस्यूरच्या पाठोपाठ आठवडाभरातच मार्क बोफॉय हा इंग्रजही वाटाड्यांसह माथ्यावर जाऊन आला.

नंतरचे जीवन

माँ ब्लाँ बाल्माला प्रसिद्धी देऊन गेला, पण स्थिर संपन्नता देऊ शकला नाही. फ्रेंच राज्यक्रांती आणि त्यानंतरच्या युद्धांमुळे प्रवासी रोडावले. तरीही शामोनीत येणाऱ्या पाहुण्यांना बाल्माला भेटण्याचे आकर्षण असे आणि तो वाटाड्या म्हणून काम करीत राहिला.

१८०८ मध्ये त्याने मारी पारादी या शामोनीतील तरुण मोलकरणीला माँ ब्लाँवर नेले. शिखरावर पोहोचलेली ती पहिली स्त्री. शेवटच्या टप्प्यात तिचे हाल झाले आणि वाटाड्यांना तिला हात देऊन वर न्यावे लागले, पण या चढाईने तिचे दिवस पालटले. खाली येणाऱ्या प्रवाशांना खाऊपिऊ घालण्याचा तिचा छोटा धंदा त्या प्रसिद्धीवर चालला. प्रसिद्धीची किंमत ओळखण्यात बाल्मा आणि पारादी दोघेही व्यवहारी होते. गरिबीतून आलेल्या माणसांनी ती ओळखली यात नवल नाही.

बाल्माच्या हयातीतच धंद्याचे नियमही बदलले. १८२० मध्ये रशियाच्या सेवेतील डॉक्टर जोसेफ हामेल याच्या मोहिमेत ताज्या बर्फाचा थर घसरून तीन वाटाडे ग्रां प्लातोजवळच्या भेगेत गाडले गेले. हवामान पाहता वाटाड्यांना परत फिरायचे होते, पण पाहुण्याच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही. या मृत्यूंमुळे शामोनी हादरली आणि १८२१ मध्ये वाटाड्यांची संघटना स्थापन झाली. जगातील अशा संघटनांपैकी ती सर्वांत जुनी मानली जाते. पाळीप्रमाणे काम, ठरलेले दर आणि मृत वाटाड्यांच्या कुटुंबांसाठी निधी ही तिची मुख्य सूत्रे होती. माँ ब्लाँसाठी प्रत्येक पाहुण्यामागे चार वाटाडे घेण्याचे बंधनही तिने घातले. पाळीच्या पद्धतीमुळे पाहुण्याला आपल्या पसंतीचा वाटाड्या निवडता येत नसे, अशी तक्रार पुढे अनेक इंग्रज गिर्यारोहकांनी केली. मात्र एखाद्या नावाजलेल्या माणसाकडेच सर्व काम जाऊ नये आणि कमजोर घरांनाही दिवसाची मजुरी मिळावी हा त्यामागचा हेतू होता. १८२०च्या अपघातातील वाटाड्यांचे अवशेष १८६१ मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी, बोसाँ हिमनदीच्या तळाशी बाहेर आले.

१८३२ मध्ये फ्रेंच लेखक अलेक्सांद्र द्यूमा शामोनीला आला. बाल्मा तेव्हा सत्तरीचा होता. त्याच्या तोंडून ऐकलेली चढाईची हकीकत द्यूमाने आपल्या प्रवासवर्णनात रंगवून लिहिली. या कथनात पाकार वाटेतच बसून राहतो, बाल्मा एकटा माथा गाठतो आणि नंतर खाली येऊन डॉक्टरला वर घेऊन जातो. पाकार पाच वर्षांपूर्वीच वारला असल्याने उत्तर देणारा कोणी उरला नव्हता. द्यूमाच्या लोकप्रियतेमुळे पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी ही हकीकत खरी मानली. म्हाताऱ्या बाल्माने मुद्दाम खोटे सांगितले, की पन्नास वर्षे तीच गोष्ट सांगून तो स्वतःही तिच्यावर विश्वास ठेवू लागला होता, यावर अभ्यासकांत एकमत नाही. द्यूमाने आपल्या पदरचे किती घातले हाही प्रश्न आहेच.

मृत्यू

सोन्याच्या शोधाने बाल्माला अखेरपर्यंत सोडले नाही. तरुणपणी स्फटिकांसाठी कडे धुंडाळणारा हा माणूस म्हातारपणी खनिजे शोधत फिरू लागला. सप्टेंबर १८३४ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, शामोनीच्या उत्तरेस असलेल्या सिक्स्त खोऱ्यातील कड्यांवर सोन्याची शिर शोधत असताना तो दरीत कोसळला. त्याचा मृतदेह कधीच सापडला नाही.

बाल्मा घराण्यात वाटाड्यांची परंपरा पुढेही चालू राहिली. जाकच्या भावाचा नातू ओग्युस्त बाल्मा (१८०८–१८६२) हा शामोनीचा नामांकित वाटाड्या होता आणि हिमनद्यांच्या अभ्यासात त्याने अनेक वैज्ञानिकांना साहाय्य केले.

पुनर्मूल्यांकन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रिटिश व स्विस अभ्यासकांनी मूळ कागदपत्रे तपासण्यास सुरुवात केली. गेर्सडोर्फच्या नोंदी व रेखाटने, सोस्यूरची रोजनिशी आणि बाल्माने सही केलेले निवेदन यांची एकमेकांशी पडताळणी झाली. स्विस इतिहासकार हाइनरिख ड्यूबी याने १९१३ मध्ये या वादावर स्वतंत्र ग्रंथ लिहून पाकारची बाजू मांडली. १९५७ मध्ये टी. ग्रॅहॅम ब्राउन आणि गॅव्हिन डी बीअर यांनी पहिल्या चढाईवरील इंग्रजी ग्रंथात सर्व पुराव्यांची छाननी केली. दुर्बिणीतून पाहणाऱ्या तिऱ्हाइताला दोघेही वर जाताना दिसले होते, त्यामुळे डॉक्टर मागे राहिल्याची कथा टिकू शकली नाही.

काही लेखक दुसऱ्या टोकाला जाऊन बाल्माला केवळ लोभी हमाल ठरवतात. पुराव्याशी तेही जुळत नाही. जूनमधली रात्र त्याने एकट्याने काढली होती, हिमनदीतून वाट काढण्याचे कौशल्य त्याचे होते, आणि जवळजवळ आंधळ्या झालेल्या पाकारला सुखरूप खाली आणले तेही त्यानेच. १९५३ मध्ये एव्हरेस्टवर एडमंड हिलरी आणि तेन्झिंग नोर्गे पोहोचल्यानंतर आधी पाऊल कोणाचे, हा प्रश्न तितक्याच अट्टाहासाने विचारला गेला होता. त्या दोघांनी सुरुवातीला आपण एकत्र पोहोचलो एवढेच सांगून तो टाळला. बाल्मा आणि पाकार यांना असे एकमताने बोलणे जमले नाही, किंवा भोवतालच्या लोकांनी ते जमू दिले नाही.

स्मारके

सोस्यूरच्या चढाईच्या शताब्दीनिमित्त १८८७ मध्ये शामोनीच्या मध्यवर्ती चौकात बाल्मा आणि सोस्यूर यांचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. त्यात बाल्मा हात उंचावून माँ ब्लाँचा माथा दाखवतो आहे आणि सोस्यूर त्या दिशेने पाहतो आहे. वाटाड्या आणि पाहुणा यांचे नाते दाखवणारे शिल्प म्हणून ते बोलके आहे, पण माथ्यावर बाल्माबरोबर प्रथम गेलेला माणूस त्यात नाही.

मोंतांव्हेरपर्यंत रेल्वे जाते आणि १९५५ पासून एग्वी द्यू मिदी या ३,८४२ मीटर उंचीच्या सुळक्यापर्यंत रज्जुमार्ग आहे. जिनिव्हाहून सकाळी मोटारीने निघून, सोबत वाटाड्या घेऊन, माँ ब्लाँचे जवळून दर्शन घेऊन संध्याकाळी परतणे आता सहज शक्य झाले आहे. मेर द ग्लास हिमनदी इतकी खचली की मोंतांव्हेर स्थानकावरून बर्फापर्यंत पोहोचण्यासाठी शेकडो पायऱ्या उतराव्या लागत असत.

पाकारचा पुतळा शामोनीत उभा राहिला तो १९८६ मध्ये, चढाईला दोनशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा. त्यात तो एकटाच आहे आणि माँ ब्लाँकडे पाहतो आहे.